नाव न सांगता गेलेल्यांनो, थँक्यू!
बुधवार पेठेतून बाहेर पडलेल्या आमच्या सहाजणींच्या शिवणक्लाससाठी परवा कोणीतरी दोन मशिनी दारात ठेवून गेलं, सोबत तेलाची बाटली पण, म्हणजे स्वतः शिवणारं माणूस असणार. भिशीतल्या काकूंनी लागलेला नंबर डिपॉझिटला दिला, वर "पावती नको गं". आधारसाठी मात्र फार फिरलो, सुप्रीम कोर्टाने मे 2022 मधेच सांगितलंय की धंद्यातल्या बायकांना पत्त्याचा पुरावा नसला तरी नॅकोच्या (सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेच्या) सर्टिफिकेटवर आधार द्या, पण खिडकीवर कोणाला माहीतच नाही! शेवटी रांगेतल्याच एका दादांनी मोबाईलवर ऑर्डर उघडून दाखवली आणि स्वतःचं काम सोडून चार वाजेपर्यंत थांबले. यातल्या कोणीच 'तू तिकडे कशी गेलीस' विचारलं नाही, त्याचे आभार सगळ्यात जास्त. काकू, मापाला या, पहिला ब्लाउज तुमचाच.