काका, तुम्ही त्या दिवशी ‘क्यूआरएस’ पाठवलंत

प्रिय काका,

निकाल लागला. हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी रेडिओ परवान्याच्या, जनरल ग्रेडची परीक्षा मी पास झाले. आईला फोन केला आणि लगेच हे लिहायला बसले.

तुमच्याकडे येण्याआधी मी एका क्लासला पैसे भरले होते. तिथे ए१ए, जे३ई, एफ३ई अशी प्रसारणाच्या प्रकारांची सांकेतिक नावं फळ्यावर लिहून ‘पाठ करा’ म्हणायचे. जे म्हणजे काय विचारलं, तर ‘तेवढं परीक्षेला येत नाही’. मोर्सला, म्हणजे टिंब-रेघांच्या सांकेतिक लिपीला, मिनिटाला ८ शब्द हवेत. मी अडखळले की सगळ्यांसमोर ऐकवायचे, ‘खालच्या रिस्ट्रिक्टेड ग्रेडलाच बसा, तिथे मोर्स नाही.’ चाळिशीतल्या बाईला हे जमणार नाही, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. तो अपमान अजून सलतो.

तुम्ही पुस्तक उघडलंच नाहीत. ४० मीटरच्या रेडिओपट्ट्यावर रिसीव्हर लावलात, बटण केसभर फिरवलंत, आणि बदकाची कलकल माणसाचा आवाज झाली. ‘कॅरिअर, म्हणजे आवाज वाहून नेणारी मूळ लहर, येतच नाही; तिच्या एका बाजूचा आवाजाचा पट्टा, म्हणजे एकच साइडबँड, येते. कॅरिअरची उणीव आपला रिसीव्हर भरून काढतो. हा तुझा जे३ई.’ हॅमच्या एफएमला (तोच एफ३ई) १६ किलोहर्ट्झ रुंदी लागते तिथे याला ३ पुरतात, हे मग पाठ करावंच लागलं नाही.

पण मनात घर केलंय ते वेगळंच. तुम्ही मोर्सवर कुणाशी तरी बोलत होता, मी शेजारी बसून अक्षरं टिपत होते. चौथ्या शब्दाला सगळं सुटलं. मी पेन्सिल खाली ठेवली. तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत, नुसती मोर्सची कळ दाबलीत. डा-डा-डि-डा, डि-डा-डिट, डि-डि-डिट. क्यूआरएस. हळू पाठवा.

काका, हळूची गरज तुम्हाला नव्हती. माझा कमीपणा तुम्ही स्वतःच्या कॉलसाइनवर, म्हणजे रेडिओवरच्या तुमच्या नावावर, घेतलात. आणि पलीकडच्या त्या अनोळखी माणसाने एका शब्दाने न विचारता वेग उतरवला. समोरच्याला झेपेल त्या वेगाने पाठवायचं, ही हॅम मंडळींची जुनी रीत. इतकी साधी माणुसकी शाळेत, कचेरीत, रांगेत का मिळू नये, असं तेव्हापासून सारखं वाटतं.

तो कागद मी जपून ठेवलाय. वरच्या ओळींत गाळलेल्या जागाच जास्त. क्यूआरएसनंतरचं एकही अक्षर मात्र सुटलेलं नाही.

७३ (हॅम भाषेत ‘शुभेच्छा’),
तुमची विद्यार्थिनी