गडाच्या तटाला सिमेंट, स्वच्छतागृहाला कुलूप

प्रति,
मा. विभागप्रमुख,
राज्य संरक्षित स्मारके व उद्याने

विषय: तटबंदीच्या दुरुस्तीत वापरलेले सिमेंट, बंद स्वच्छतागृह आणि तिकिटाचे दोनदा कापलेले पैसे

महोदय,

गेल्या रविवारी सासूबाई आणि मुलांना घेऊन गडावर गेले होते. पायथ्याच्या बागेबाहेर ‘फक्त ऑनलाइन तिकीट’ असा आपला फलक आहे आणि नेमकी तिथेच मोबाइलला रेंज नाही. शेवटी वडापावच्या गाडीवाल्याने सांगितले, “ताई, त्या चिंचेखाली उभ्या राहा, तिथं येते.” तिकीट निघाले, पण पैसे दोनदा गेले. खिडकीवरच्या माणसाने हात वर केले, वेबसाइटवर तक्रार टाका म्हणाला. टाकली. क्रमांक मिळाला, पैसे नाहीत.

तिकिटात ‘स्वच्छता शुल्क’ वेगळे लावले आहे. माथ्यावरच्या स्वच्छतागृहाला कुलूप होते आणि किल्ली पायथ्याशी! गुडघे धरून गड चढलेल्या सासूबाईंना आडोसा शोधावा लागला. याहून जास्त लिहीत नाही.

खरी तक्रार पुढे आहे. महादरवाजातून आत गेल्यावर उजव्या हाताच्या तटाच्या दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, सिमेंटने भरल्या आहेत. थापीच्या खुणा दिसतात, दगडांवर राखाडी ओघळ तसेच सुकलेत, आणि पहारेकऱ्यांच्या देवडीत रिकाम्या गोण्या पडल्या आहेत. माझे वडील गवंडी होते. सांधा दगडापेक्षा नरम हवा, हे त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या पोरांनाही ठाऊक असायचे. चुन्याच्या दरजेतून भिंतीतली ओल बाहेर पडते. सिमेंटने ती वाट बुजते. सह्याद्रीच्या पावसात तटामागच्या भरावात पाणी साठते, भिंत फुगते आणि एखाद्या पावसाळ्यात ढासळते. शिवाय सिमेंटमधले क्षार ओलीबरोबर दगडात उतरतात आणि घडीव दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. म्हणजे मूळ बांधकामापेक्षा दुरुस्तीच महाग पडणार.

चुन्यात वाळू, गूळ, बेलफळ, हिरडा घालून काम करणारे कारागीर आजही मिळतात, फक्त त्याला वेळ लागतो. चुना मळायची जुनी घाणी तर याच गडावर सदरेच्या वाटेवर आहे. तिच्या दगडी चरात पाण्याच्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटे अडकली आहेत. पायथ्याच्या बागेतली हिरवळ कापायला माणूस आहे, मग इथला कचरा उचलायला का नाही?

जुलै २०२५ मध्ये १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यातले ११ महाराष्ट्रातले, आणि राजगड, साल्हेर, प्रतापगड, खांदेरी हे चार राज्य संरक्षित. आनंदच झाला. आमचा गड त्या यादीत नाही. यादीतल्या गडांना चुना आणि बाकीच्यांना सिमेंट अशी काही वाटणी ठरली आहे का? १९६०च्या कायद्याने हे स्मारक संरक्षित आहे, इजा केल्यास शिक्षा होईल, असे आपला फलक सांगतो. तो फलकही तटाच्या दगडाला भोके पाडून बोल्टने ठोकला आहे.

तरी जास्तीचे पैसे परत करावेत, तिकीट खिडकीवर रोख घेण्याची सोय करावी आणि स्वच्छतागृहाची किल्ली माथ्यावरच्या पहारेकऱ्याकडे द्यावी. सिमेंटचे काम ताबडतोब थांबवून, भरलेल्या दरजा दगडाला धक्का न लावता जाणकारांकडून मोकळ्या करून घ्याव्यात. या कामाचा आराखडा कोणी मंजूर केला आणि त्यात चुना लिहिला होता की सिमेंट, हे मला लेखी कळवावे. न कळवल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करीन. त्याला ३० दिवसांत उत्तर द्यावेच लागते, म्हणून आताच दिलेले बरे.

आपली,
एक तिकीटधारक

सोबत: दोन्ही पावत्यांच्या प्रती (गडाचे नाव त्यांवर आहे), तट, देवडी व फलकाची छायाचित्रे