आबा, गावात कुणी विचारलं तर

नॉर्थ कॅरोलिना
१७ ऑगस्ट

ती. आबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "पोरी, तू काय शिकतीस म्हणून कुणी विचारलं तर सांगू काय?" मागून बाबा म्हणाले, "डॉक्टरच म्हणून सांगा." मग तुम्ही आवाज खाली आणून सांगितलंत, की पारावर एकजण म्हणाला, म्हणजे आजोबासारखी कंपाउंडरच की! मी कामावर निघाले होते, नीट बोलता आलं नाही. आज रविवार, म्हणून सविस्तर लिहिते. फोटो काढून बाबांच्या फोनवर पाठवते, मोठा करून वाचा.

आबा, मी डॉक्टर होणार नाही. मी फिजिशियन असिस्टंट होणार, म्हणजे डॉक्टरांच्या सोबत राहून रुग्ण तपासणारी आणि औषध देणारी. इथे सगळे पी.ए. म्हणतात. आणि पारावरचं ते बोलणं बाबांना लागलं असेल, मला नाही लागलं.

याच राज्यात गार्लंड नावाचं एक लहानसं गाव आहे. तिथे डॉ. ॲमॉस जॉन्सन नावाचे डॉक्टर होते आणि त्यांच्या हाताखाली हेन्री ली ट्रेडवेल. सगळे त्यांना बडी म्हणायचे. डॉक्टरांनी त्यांना स्वतः शिकवून तयार केलं होतं. रक्त-लघवी तपासणं, एक्स-रे काढणं, जखमेला टाके घालणं, सगळं ते बघायचे. कागल रोडवरच्या आपल्या दवाखान्यात डॉक्टरसाहेबांनी तुम्हाला तयार केलं, तसंच. तिकडे ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड होते, त्यांना हा दवाखाना माहीत होता. खेड्यापाड्यात डॉक्टर पुरत नव्हते. स्टेड यांनी १९६५ मध्ये नौदलात वैद्यकीय सेवा केलेली चार माणसं घेतली आणि दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. ६ ऑक्टोबर १९६७ ला त्यातले तिघं पास होऊन बाहेर पडले, ते पहिले पी.ए. वर्गात हा इतिहास सांगत होते तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तुम्ही होता. औषधाच्या बाटलीला कात्रीने कापलेली कागदी पट्टी डकवणारे, खळीचं बोट धोतराला पुसणारे.

फरक आहे तोही सांगते. तुमच्याजवळ कागद नव्हता. डॉक्टरसाहेब कोल्हापूरला गेले की लोक तुम्हालाच म्हणायचे, "आबा, तुम्हीच द्या की गोळी." तुम्ही पुष्कळदा नाही म्हणालात, आणि त्यावरून शिव्याही खाल्ल्यात. माझा कोर्स पदव्युत्तर आहे, २७ महिन्यांचा. माझी बी.एस्सी. इथे पुरली नाही. आधी शरीररचना, शरीरक्रिया, रसायनशास्त्र कम्युनिटी कॉलेजात पुन्हा केलं, मग दोन वर्षं एका दवाखान्यात मदतनीस म्हणून रुग्णांची वजनं घेतली, बी.पी. मोजलं. रुग्णसेवेचे तास जमल्याशिवाय बहुतेक ठिकाणी अर्जच बघत नाहीत. मला ही अट फार आवडते.

पहिलं वर्ष वर्गातलं. सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत तास, रात्री वाचन. डॉक्टर चार वर्षांत शिकतात त्यातलं पुष्कळसं आम्हाला वर्षभरात डोक्यात बसवावं लागतं. देहदान केलेल्या एका आजींच्या शरीरावर आम्ही शरीररचना शिकलो. त्यांचं नाव आम्हाला सांगितलं नव्हतं. शेवटच्या दिवशी आम्ही सगळे टेबलाभोवती डोकं खाली घालून उभे राहिलो, आणि मला आजीची आठवण येऊन रडू फुटलं.

आता दुसरं वर्ष, फिरतीचं. फॅमिली मेडिसिन, इंटर्नल मेडिसिन, इमर्जन्सी, बालरोग, स्त्रीरोग, सर्जरी, मानसोपचार, प्रत्येक ठिकाणी काही आठवडे. सध्या मी राज्याच्या पूर्व भागात आहे. रताळी आणि तंबाखूचा मुलूख. लांबून बघितलं की निपाणीकडचं रान वाटतं.

आणि इथेच गेल्या आठवड्यात माझी चूक झाली. मेक्सिकोहून हंगामापुरता आलेला एक तरुण मजूर, उलट्या, चक्कर, डोकं धरलेलं, अंगभर घाम. मी तपासलं आणि ऊन लागलंय, किंवा पोटाचा संसर्ग, असं लिहून डॉक्टरीणबाईंना सांगायला गेले. त्यांनी एकच विचारलं, "त्याचा शर्ट ओला होता का?" मी घामाने म्हणाले. मग त्याच्याकडे परत पाठवलं. दुभाष्यामार्फत विचारलं तर रात्री पाऊस पडलेला, आणि सकाळी सहापासून तो तंबाखूची ओली पानं खुडून काखेत धरत होता. पानावरच्या पाण्यात निकोटीन उतरतं आणि कातडीतून अंगात जातं. आपल्याकडे म्हणतात तसं, त्याला तंबाखू लागली होती, न खाता! कपडे बदलायला दिले, साबणाने अंग धुवायला लावलं, उलटीचं औषध आणि पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी तो बरा होता.

व्यवसायाच्या रकान्यात 'शेतमजूर' हे मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, आबा. लिहिलं आणि पुढे गेले. तुम्ही केसपेपर काढतानाच प्रत्येकाला विचारायचा, "काल कुठं होतास कामाला?" मी लहानपणी त्या बाकावर बसून ते शंभरदा ऐकलंय. त्या रात्री झोप लागली नाही. आता रोज, अगदी सर्दीच्या रुग्णालाही, तेच विचारते.

अजून सर्जरी आणि इमर्जन्सी बाकी आहे. कोर्स संपला की राष्ट्रीय परीक्षा, तीनशे प्रश्न, पाच तास. मग राज्याचा परवाना. त्यानंतर रुग्ण तपासणं, निदान, औषध लिहून देणं, हे सगळं मी डॉक्टरांच्या बरोबरीने करीन, आणि माझ्या आवाक्याबाहेरचं त्यांच्यापुढे ठेवीन. ही शेवटची गोष्ट तुम्हाला कुणी शिकवावी लागली नाही.

आपल्याकडेही हा कोर्स आहे बरं का. चेन्नईत डॉ. के. एम. चेरियन यांनी १९९२ मध्ये हृदयशस्त्रक्रियेच्या मदतीसाठी तो सुरू केला, आणि २०२१ च्या केंद्राच्या कायद्यात या कामाला नावही मिळालं. धाकट्या काकांच्या सोनीला सांगा, तिची बारावी आहे ना? तिला प्रवेशाचं काही विचारायचं असेल तर रविवारी फोन करू दे.

पारावर कुणी पुन्हा विचारलं तर सांगा, नात आजोबाचंच काम शिकतेय, सरकारी परवान्यासकट. बाबांना वाईट वाटेल, त्यांना मी समजावते.

तुमची मिक्श्चरची ती लाल कापडाच्या बांधणीची वही आजीने रद्दीत घालू नये. डिसेंबरात आठ दिवस सुट्टी आहे, मी येऊन घेऊन जाईन. आणि साखरेची गोळी जेवणाआधी की नंतर, ते पाकिटावर बघून मला कळवा. मागच्या दोन्ही वेळा तुम्ही वेगवेगळं सांगितलंत.

आजीला नमस्कार.

तुमची,
बबी