आई, त्या सोंगाबद्दल

सिअ‍ॅटल, २३ नोव्हेंबर २०२५

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शि. सा. नमस्कार.

मी खुशाल आहे. वेळेवर जेवते, पुरेशी झोपते. हे आधी लिहिलं, कारण गेल्या रविवारी फोनवर एवढं सांगायच्या आतच तू रडायला लागलीस आणि बाबा उठून गॅलरीत गेले. पुढे काही बोलताच आलं नाही. तुमचा आवाज ऐकला की मी अर्धं गिळून टाकते, म्हणून आज कागद घेऊन बसलेय. ऑफिस, डबा, थंडी हे सगळं तुम्हाला ठाऊकच आहे, ते परत उगाळत नाही.

तर तुम्ही पाहिलेला तो फोटो खरा आहे. पाठीवर मोरपंखी कापड सोडून, छातीवर चमकणारी पट्टी लावून भर रस्त्यात उभी असलेली ती बाई मीच. दर शनिवारी रात्री नऊ ते बारा मी आणखी पाच जणांबरोबर, सुपरहीरोसारखा वेष करून, शहराच्या जुन्या भागात गस्त घालते. तेव्हा तुमच्याकडे रविवारची सकाळ असते, पोहे होऊन गेलेले असतात. एप्रिलपासून जातेय. सात महिने तुम्हाला सांगितलं नाही, ही माझी चूक.

आई, तू म्हणालीस, "हे काय सोंग घेतलंयस!" रागाने म्हणालीस, पण शब्द अगदी नेमका सापडला तुला. सदाशिव पेठेतल्या वाड्यात बहुरूपी यायचा ते आठवतं? खाकी वर्दी, हातात दंडुका, "तुमच्या नावाचं वॉरंट आहे, चला चौकीवर!" मी आजीच्या मागे लपायचे. पण माडीवरच्या काकू, ज्या एरवी कुणाशी चार शब्द बोलायच्या नाहीत, त्या त्याच्याशी हसून बोलायच्या, त्याला चहा द्यायच्या. तो सोंगात असायचा, म्हणून त्याला काहीही विचारता यायचं आणि काकूंना काहीही सांगता यायचं. मी इथे तेच करते.

का, ते कळायला इथली एक रीत नीट समजून घ्यावी लागेल. पुण्यात कुणी रस्त्यात चक्कर येऊन पडलं तर दोन मिनिटांत दहा माणसं जमतात. कुणी पाणी आणतं, कुणी कांदा हुंगवा म्हणतं, कुणी रिक्षा अडवतं. इथे माणूस पडलेला दिसला की लोक त्याला वळसा घालून जातात. पहिल्या वर्षी मला वाटायचं, काय दगडाच्या काळजाची माणसं आहेत. तसं नाही, आई. अनोळखी माणसाला हात लावणं, अगदी "काय झालं?" असं विचारणंसुद्धा इथे त्याच्या घरात घुसल्यासारखं समजतात. शिवाय भीती असते, तो अंगावर आला तर? आणि रस्त्यावर झोपणारी माणसं इतकी आहेत, की झोपलेला कोण आणि मरणाला टेकलेला कोण, हे वाकून बघितल्याशिवाय कळत नाही. मग कुणी वाकतच नाही. रोज त्याच रस्त्याने जाणारी भली माणसंसुद्धा नाहीत. मीही दोन वर्षं वळसा घालूनच जात होते.

असा वेष घातला की समोरचा आपणहून विचारतो, "तू कोण आहेस?" तिथून बोलणं सुरू होतं. पोलीस आले की तो उठून निघून जातो, फॉर्म भरून घेणारे आले की गप्प बसतो. आमच्याकडे बघून तो निदान डोळे तरी वर करतो. मग विचारायचं, मोजे हवेत का? सगळ्यात जास्त मागणी मोज्यांनाच आहे. सततच्या पावसात पाय ओले राहून कातडी पांढरी पडते, मग सोलवटते, चालवत नाही. आमच्या पिशव्यांत मोजे, पाणी, हात गरम ठेवणाऱ्या पुड्या आणि नाकात मारायचा नालोक्सोनचा फवारा असतो; नशा जास्त होऊन श्वास थांबायला लागला तर ती उतरवणारं ते औषध.

बाबा, तुम्ही विचारलंत, हे खूळ आलं कुठून. तुम्हाला आवडेल असं सांगते. १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत लाल टोप्या घातलेली तरुण पोरं गस्त घालायला लागली, गार्डियन एंजल्स. वेषापेक्षा तो गणवेशच. मेक्सिको शहरात १९८५ च्या भूकंपानंतर गरीब भाडेकरूंना घराबाहेर काढू लागले, तेव्हा १९८७ पासून लाल-पिवळ्या वेषातला, कुस्तीगिराचा मुखवटा घातलेला सुपरबारियो त्यांच्या बाजूने मोर्चात उभा राहायचा. कोलंबियातल्या बोगोटाचे माजी महापौर अंतानास मोकुस तर विद्यापीठातले प्राध्यापक. त्यांनीही असा सुपरहीरोचा पोशाख घातला, आणि चौकाचौकांत वाहतुकीला वळण लावायला मूकनाट्य करणारे कलाकार उभे केले. अलका टॉकीजच्या चौकात उभं राहून तुम्ही जे जे बोलता, त्यावर त्या माणसाने खरंच काहीतरी केलं.

ज्याच्याबद्दल दादाने तुम्हाला वाचून दाखवलं तो फिनिक्स जोन्स, सुपरहीरोच्या वेषात गस्त घालणारा, तोही याच शहरातला. रेन सिटी सुपरहीरो मूव्हमेंट नावाचा त्याचा गट होता. ऑक्टोबर २०११ मध्ये रस्त्यावरच्या भांडणात मिरचीसारखा झोंबणारा फवारा मारला म्हणून त्याला अटक झाली. पुढे खटला भरला गेला नाही, आणि २०१४ मध्ये तो गटही बंद झाला. भांडणात पडण्याचा तो मार्ग आमचा नाही. आम्ही कुणाकडे हत्यार ठेवत नाही, कुणाचा पाठलाग करत नाही. मारामारी दिसली की लांब उभं राहून ९११ ला फोन करतो. एकटं कुणी फिरत नाही. चेहरा कुणी झाकत नाही. एक पैसाही कुणी घेत नाही, आणि व्हिसाचं मी वकिलाला विचारून घेतलंय. तुमच्या मंडळाचा स्वयंसेवकाचा बिल्ला लावून तुम्ही विसर्जनाला लक्ष्मी रोडवर रात्रभर दोर धरून उभे राहायचात, तेव्हा आईला काळजी वाटत नव्हती का? बाबा, मी उलट बोलत नाहीये. खरंच विचारतेय.

आता खोटं बोलले ते. ऑगस्टमध्ये माझ्या मनगटाला पट्टी होती आणि मी भाजी चिरताना कापलं म्हणाले. ओल्या पायऱ्यांवरून घसरले होते. कुणी ढकललं नाही, नुसती घसरले. दोन टाके पडले, आता खूणही नीट दिसत नाही.

आणि पंधरा दिवसांपूर्वीचं. थर्ड अ‍ॅव्हेन्यूवर एका बंद दुकानाच्या दारात माणूस बसल्यासारखा दिसत होता. समोर बसथांब्यावर आठ-दहा माणसं होती. मी दोनदा हाक मारली, छातीच्या हाडावर मुठीने घासलं, काही नाही. ओठ जांभळे पडलेले. एका नाकपुडीत फवारा मारला, एकीने रुग्णवाहिकेला फोन लावला, एकाने श्वास द्यायला घेतला. दोन-तीन मिनिटं थांबायचं असतं, त्यात फरक नसेल तर दुसऱ्या नाकपुडीत. ती तीन मिनिटं, आई, मी मनात मारुतिस्तोत्र म्हणत होते. दुसऱ्या फवाऱ्यानंतर त्याने श्वास घेतला. जागा झाल्यावर तो आमच्यावरच चिडला, तसे ते चिडतात, कारण नशा एकदम उतरते आणि अंगाचे हाल होतात. औषधाचा असर तीस ते नव्वद मिनिटंच राहतो, म्हणून रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला एका कुशीवर धरून बसले. रस्त्यात त्याची एकच चप्पल दिसत होती. दुसरी मी शोधून आणली आणि त्याच्या पायात घातली.

त्या रात्री घरी येऊन मला फार रडू आलं. फेब्रुवारीत बाबा नळस्टॉपजवळ पडले, तेव्हा मी इथे झोपले होते आणि फोन आवाज बंद करून ठेवलेला होता. दादा हिंजवडीतून निघून वाहतुकीत अडकलेला. त्या कॉलेजच्या मुलाने बाबांना रिक्षात घातलं, दवाखान्यात नेलं, दादा येईपर्यंत बाकावर बसून राहिला आणि नाव न सांगता निघून गेला. बाबांची चप्पल त्याने रस्त्यातून शोधून आणली होती, हे तूच मला सांगितलंस. आठ वेळा तरी सांगितलं असशील. मी प्रत्येक वेळी "हो, सांगितलंस" म्हणाले. चिडून म्हणाले. माफ कर.

आता पैशाचं. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, हे तुझंच म्हणणं. या महिन्यात साठऐवजी चाळीस हजारच पाठवलेत, उरलेले वीस हजार जानेवारीत पाठवते. वेषावर खर्च झाला असं कृपा करून समजू नका. तिकीट रद्द केलं त्यात गेले. हो, तेही सांगायचंच होतं. पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलाय, नवीन शिक्क्याची तारीख मिळत नाहीये, आणि ती नसताना आले तर परत येण्याचं काही खरं नाही. त्यामुळे बाबांच्या पंचाहत्तरीला मी नसेन. दादाला सांगितलंय, जेवणाचा खर्च माझ्याकडे. मला माहीत आहे, त्याने काही भरून निघत नाही.

आत्याने आणलेल्या स्थळाचं म्हणशील, तर त्या मुलाला मी स्वतःच फोन करून सगळं सांगितलं. फोटो दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा ते बरं. तो नीट बोलला, म्हणाला घरी विचारतो. त्यानंतर फोन नाही. आत्याला वाईट वाटू देऊ नकोस, तिने मनापासून केलं होतं. लग्न करायचं नाही असं मी कधीच म्हटलेलं नाही.

एक शेवटचं. पाठीवरचं ते मोरपंखी कापड म्हणजे आजीचं इरकल. निघताना तू पिशवीत घालून दिलंस तेच. कापलं नाही, दुमडून धावदोरा घातलाय, उसवलं की लुगडं जसंच्या तसं. आजीला मीच सांगेन. गेल्या रविवारी तुम्ही दोघं उठून गेल्यावर फोन तिच्याच हातात राहिला होता. तिने एवढंच विचारलं, पावसात जातेस तर डोक्याला काही बांधतेस का? मला उत्तर देता आलं नाही, घसा दाटून आला. तिला सांग, काल बांधलं होतं.

तुमची,
धाकटी