सालांचा कोळसा, माठातलं पाणी आणि आपलं इंदूर

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

मागच्या आठवड्यात आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरला, मालव्याच्या पाण्यात युरेनियम सापडलंय आणि त्यावर उपाय म्हणजे केळ्याची, संत्र्याची सालं जाळून तो कोळसा पाण्यात टाका. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या वहिनींकडे गेले तर त्यांनी खरंच तव्यावर सालं करपवून, मलमलच्या फडक्यात पुरचुंडी बांधून माठात सोडली होती आणि पाण्याला पिवळट रंग चढला होता. त्यांचं बोअरचं पाणी, घरात दोन वर्षांचा नातू, काळजीपोटीच केलं त्यांनी. पण ते पाणी बघून मला रात्रभर झोप नाही, मी तीस वर्षं शाळेत सायन्स शिकवलंय, म्हणून हे पत्र लिहायला बसले.

एक तर तो मालवा आपला, इंदूरकडचा, नाहीच. पंजाबात भटिंडा, मानसा वगैरे जो सतलजच्या दक्षिणेचा भाग आहे त्यालाही मालवा म्हणतात आणि युरेनियमची बातमी कित्येक वर्षांपासून तिथली आहे. जमिनीतल्या खडक-मातीतूनच ते पाण्यात उतरतं. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटना लिटरला ३० मायक्रोग्रॅम ही मर्यादा धरते, आपलं अणुऊर्जा नियामक मंडळ ६० धरतं. आणि एक गोष्ट लोकांना माहीतच नसते, पाण्यातल्या युरेनियमचा मोठा त्रास किरणोत्सर्गापेक्षा जड धातू म्हणून होतो, मार बसतो तो किडनीवर. पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटतं तसं घट्ट होतं. पाण्यात विरघळलेले सगळे क्षार एकत्र मोजणारा हातातला टीडीएस मीटरही ते वेगळं दाखवत नाही. आरओनं मात्र बरंचसं अडतं.

आता सालांच्या कोळशाचं. मूळ गोष्ट खोटी नाहीये हो, म्हणूनच तर ती इतकी पटते. याला बायोचार म्हणतात. सालं, शेंगांची टरफलं, नारळाच्या करवंट्या, असं काहीही हवा न लागू देता ३०० ते ७०० डिग्रीला भाजलं की ते राख न होता कोळसा होतं आणि त्याला आतून असंख्य बारीक छिद्रं पडतात. त्याच्या अंगावर ऑक्सिजनवाले काही गट शिल्लक राहतात, पाण्यातले धातूचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, त्यांना जाऊन चिकटतात. युरेनियम पाण्यात युरेनिल या, ऑक्सिजनशी जोडलेल्या, रूपात असतं, ते अशा कोळशाला चांगलं धरतं. पण पाण्याचा पीएच, म्हणजे आंबटपणा, बदलला की पकड बदलते आणि पाण्यात कार्बोनेट जास्त असलं की युरेनियम त्याच्याशीच जोडी जमवतं, कोळशाला दाद देत नाही. जड, खारं बोअरचं पाणी म्हणजे नेमकं असलंच. तव्यावर करपवलेली सालं तर बायोचारही नाहीत, अर्धकच्ची जळालेली असतात, त्यांतून रंग आणि नको नको ते पाण्यात उतरतं. वहिनींच्या माठात तेच झालं होतं.

त्यांना पटावं म्हणून मी गच्चीवर करून दाखवलं. बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेतला, झाकणाला खिळ्यानं एक भोक, आत भुट्ट्याचा कीस करून उरलेली दाणे काढलेली कणसं, वाळवून तुकडे केलेली, आणि डबा शेगडीवर. आधी भोकातून पांढरा धूर आला, मग त्याला काडी लावली तर पिवळी ज्योत धरली, ती आपोआप विझली तेव्हा डबा उतरवला आणि पूर्ण गार होईपर्यंत झाकण उघडलं नाही, कारण गरम असताना हवा लागली की आतला कोळसा पेटतो. निघालेला कोळसा हलका, कडक, बोटानं टिचकी मारली तर खण्ण वाजणारा. तो कुटून दोनचार वेळा धुतला. मग काचेच्या बरणीत पाणी आणि मिथिलीन ब्ल्यू या निळ्या रंगाचे चार थेंब, माशांच्या टँकचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं ते. कोळसा टाकून हलवत राहिलो, तासाभरानं निळं पाणी जवळजवळ स्वच्छ. वहिनी म्हणाल्या, ताई गेलं की सगळं! मी तोच कोळसा गाळून दुसऱ्या बरणीत घेतला आणि वर थोडं स्पिरिट ओतलं. हळूहळू बरणी परत निळी व्हायला लागली. त्या बघतच राहिल्या.

मला नेमकं हेच सांगायचंय. कोळसा विष पकडतो, संपवत नाही. पाण्यातलं निघालं आणि कोळशात गेलं एवढंच. रंगाच्या बाबतीत एकवेळ चालेल, पण अणुभट्टीच्या कचऱ्यातलं किरणोत्सर्गी सीझियम-१३७ निम्मं व्हायला ३० वर्षं लागतात, स्ट्रॉन्शियम-९० ला साधारण तेवढीच, आणि युरेनियम-२३८ ला साडेचारशे कोटी वर्षं. असा कोळसा कुंडीत टाकला, कचरागाडीत दिला, तर ते परत मातीत आणि मातीतून पाण्यात. मोठ्या ठिकाणी मात्र हाच गुण उपयोगी आहे, हजारो लिटर पाण्यातलं थोड्याशा कोळशात आणलं की सांभाळायचा ढीग लहान होतो, तो बंद भट्टीत जाळून राख सिमेंटमध्ये कोंडता येते, किंवा आम्ल वापरून युरेनियम परत काढून घेता येतं. हे काम माणसं, भिंती, नोंदी असलेल्या जागेचं आहे, स्वयंपाकघराचं नाही.

आणि सगळंच काही कोळशाला चिकटत नाही. सीझियम पोटॅशियमसारखंच वागतं, केळ्याच्या सालांत पोटॅशियम भरपूर, म्हणजे नुसता कोळसा तिथे कमी पडतो, त्यावर प्रशियन ब्ल्यू हा सीझियम पकडणारा निळा रंग चढवावा लागतो. जपानच्या फुकुशिमा अणुवीज केंद्रात २०११ च्या अपघातानंतर सीझियमसाठी झिओलाइट हे बारीक छिद्रांचं खनिज वापरलं. तिथलं ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सर्गी हायड्रोजन, तर कशानंच गाळून निघत नाही कारण ते पाण्याच्या रेणूचाच भाग होऊन बसतं, म्हणून शेवटी ऑगस्ट २०२३ पासून ते पाणी पातळ करून समुद्रात सोडायला सुरुवात केली.

मग इंदूरचा यात काय संबंध? माझ्या मते खूप. ओला कचरा आणि सुका कचरा घराघरातून वेगळा देणारं आपलं शहर आहे. देवगुराडियाला ओल्या कचऱ्यापासून गॅस करणाऱ्या बायो-सीएनजी प्लांटचं फेब्रुवारी २०२२ मध्ये उद्घाटन झालं तेव्हा त्याची क्षमता रोजच्या ५५० टन ओल्या कचऱ्याची होती, आणि पातळ, शिजलेलं, उष्टं अन्न तिथेच जावं, त्याचा कोळसा करायला जाऊ नये, त्यातलं पाणी वाळवण्यातच सगळं इंधन जाईल आणि आपल्या जेवणातलं मीठही कोळशात उतरेल. पण पावसाळ्यात सराफ्यात आणि घरोघरी भुट्ट्याची जी कणसं उरतात, खजराण्याच्या मंदिरापाशी नारळाच्या करवंट्या, ज्यूसवाल्यांकडे मोसंबीची सालं, हा सगळा सहज वाळवता येणारा, एकजिनसी, आधीच वेगळा होऊ शकणारा माल आहे.

आणि दुसऱ्या टोकाला आपल्याकडे कॅट आहे, म्हणजे अणुऊर्जा विभागाचं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र. शाळेची मुलं घेऊन मी तिथे गेले होते, इलेक्ट्रॉन प्रचंड वेगानं फिरवणारी १७२ मीटर घेराची ती इंडस-२ ची रिंग बघून मुलं गप्पच झाली होती. त्या रिंगमधून निघणाऱ्या एक्स-रेनं धातूचा अणू कशाला आणि कसा चिकटलाय हे बघता येतं. कचरा गोळा करणारे आणि हे बघू शकणारे एकाच शहरात, शिवाय सिमरोलला आयआयटी. झारखंडातल्या जादूगुड्यासारख्या युरेनियमच्या खाणींच्या पाण्यासाठी कोणता कोळसा किती धरतो, किती वेळा वापरता येतो, वापरून झाल्यावर कुठे ठेवायचा, हे सगळं इथे तपासलं जाऊ शकतं.

संपादक साहेब, आपल्याला एवढीच विनंती, पुढच्या वेळी सालांच्या कोळशाची बातमी आली की ती देणाऱ्याला वापरलेल्या कोळशाचं काय करता हा प्रश्न विचारून ते उत्तरही छापा. बोअर वापरणाऱ्यांसाठी पाण्यातलं युरेनियम कुठे तपासून मिळतं याची माहिती द्या, वहिनींच्या बोअरचं पाणी आम्ही बाटलीत भरून ठेवलंय. आणि कॅट किंवा आयआयटीतल्या कोणी हे वाचलं तर माझ्याकडे कणसांचा आणि करवंट्यांचा धुतलेला कोळसा दोन डब्यांत तयार आहे, हवा असेल तर मी स्वतः आणून देईन.

आपली जुनी वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, रामबाग, इंदूर