लॅबमधल्या मामांना

आदरणीय मामा,
सादर नमस्कार.

तुम्ही निवृत्त झालात त्या दिवशी मी पुण्यात ड्युटीवर होते. निरोपाला येता आलं नाही याची रुखरुख अजून आहे. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते. तंत्रनिकेतनात सर-मॅडमचे आभार आम्ही गॅदरिंगच्या स्टेजवरून मानले. तुमचं नाव त्यात आलं नाही, आणि ते चुकलंच.

दहावीपर्यंत माझं सगळं शिक्षण आर्णीच्या पलीकडे, मराठी शाळेत झालं. विभवांतर, विद्युतधारा, रोध मला पाठ होते. यवतमाळला इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला आले आणि पहिल्याच आठवड्यात ते सगळे शब्द गायब झाले. फळ्यावर व्होल्टेज, करंट, रेझिस्टन्स. हे तेच आहे, हे मला कुणी सांगितलं नाही. पहिल्या सेमिस्टरला दोन विषय राहिले. बाबांना म्हटलं, मी बारावी करते, हे माझ्याच्यानं होत नाही.

त्याच आठवड्यात तुम्ही मला लॅबमध्ये थांबवून घेतलं. गावची बस साडेपाचची. साडेचारला प्रॅक्टिकल संपायचं. तो मधला तास तुम्ही मला दिलात, पुढची अडीच वर्षं. त्या वेळेचा पगार तुम्हाला कुणी दिला नाही, हे मला फार उशिरा कळलं.

पहिला पॉवर सप्लाय मी जोडला तो दिवस आठवतो का? बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, एसीचं डीसी करणारा चार डायोडचा ब्रिज, हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ७८०५, म्हणजे पाच व्होल्ट स्थिर ठेवणारी आयसी. बाहेर पाच व्होल्ट यायला हवे होते, आला शून्य. मी लगेच म्हटलं, आयसी उडाली, दुसरी द्या. तुम्ही कपाटाची किल्ली खिशातून काढलीच नाही. म्हणालात, "पोरी, मन काय म्हणते ते राहू दे. मीटर काय म्हणते ते पाह्य."

मग एकेक टप्पा मोजायला लावला. ट्रान्सफॉर्मरच्या बाहेर बारा व्होल्ट एसी, बरोबर. कपॅसिटरवर साडेपंधरा डीसी. मी गोंधळले, बाराचे साडेपंधरा कसे झाले? तुम्ही समजावलं, की मीटर बारा दाखवतं तेव्हा लाटेचा माथा सतराच्या आसपास असतो, त्यातले दीडेक व्होल्ट दोन डायोड खातात, आणि उरलेला माथा कपॅसिटर धरून ठेवतो. "तुमच्या वावरातला हौद पाह्यला ना? पंप झटके देत पाणी टाकते, पण खालची तोटी सारखी वाह्यते. कपॅसिटर म्हंजे हौद." पुस्तकात फिल्टरचं पान मी चार वेळा वाचलं होतं. ते त्या दिवशी कळलं.

७८०५ च्या इनपुट पायावर मात्र मीटर शून्यावर. म्हणजे आयसी चांगली होती, तिच्यापर्यंत व्होल्टेजच पोचत नव्हतं. तुम्ही बोर्ड ट्यूबलाइटखाली तिरका धरला. पायाभोवती केसाएवढी काळी रेघ. चिमट्यानं हलकं ढकललं तर पाय हलला. ड्राय सोल्डर, म्हणजे वरून लागलेला दिसणारा पण आत न धरलेला जोड! तुम्ही माझ्या हातात आयर्न दिलं, स्वतः केलं नाही. आधी पाय आणि पॅड दोन्ही तापव, मग सोल्डरची तार लाव, सोल्डर आयर्नवर नाही, जोडावर वितळलं पाहिजे. राळेचा धूर निघाला, जोड चकचकीत बसला. मीटरवर ४.९९. मला रडू आलं होतं. तुम्ही खिडकीकडे पाहत म्हणालात, "बस निघन तुही."

आता खरं सांगायचं ते. मी आठवीत असताना आमच्या विहिरीवरची मोटर जळली होती. रात्रपाळीची लाईन, डीपीवरचा, म्हणजे शेताकडच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, एक फ्यूज गेलेला, अंधारात कुणाला दिसला नाही. तीन फेजची मोटर दोनच फेजवर नुसती गुणगुणत राहिली आणि वाइंडिंग जळून गेलं. ऐन हरभऱ्याला पाणी द्यायच्या वेळी. बाबा आठ दिवस नीट जेवले नाहीत. शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट निवडताना मी हेच मागितलं: एक फेज गेली की स्टार्टर आपोआप सुटला पाहिजे. रिले, ऑप्टोकप्लर, सगळं तुमच्या टेबलावर जुळलं. आधी कमी व्होल्टेजवर तपासल्याशिवाय तुम्ही मला तीन फेजला हात लावू दिला नाही, आणि त्यावरून मी तुमच्याशी भांडलेही होते. तुमचं बरोबर होतं.

ती पेटी आज आमच्या स्टार्टरशेजारी आहे. मागच्या रब्बीत रात्री अकराला मोटर बंद पडली. बाबांचा फोन आला, मी म्हटलं, स्टार्टरला हात लावू नका, आधी पेटीवरचे दिवे पाहा. तीनपैकी दोनच पेटलेले होते. सकाळी लाईनमननं डीपीवरचा फ्यूज घातला आणि मोटर चालू झाली. हरभरा भिजला, मामा.

प्रोजेक्टच्या वेळी तुम्ही स्वतःचं मीटर मला दिलं होतं, ते माझ्याकडेच राहिलं. पोळ्याला गावी येते आहे. करीच्या दिवशी यवतमाळला घरी येऊन ते तुमच्या हातात देईन. लाल प्रोबची वायर तुटली होती, ती मी जोडली आहे. जोड तेवढा तपासा.

तुमची,
साडेपाचच्या बसवाली