आरोग्यासाठी गळ्यात किरणोत्सार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या थोरल्या नणंदबाई नुकत्याच आमच्याकडे कोथरूडला मुक्कामाला आल्या होत्या. त्यांच्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी रुपयाहून थोडी मोठी काळी चकती दिसली. एका ‘आरोग्य शिबिरा’त त्यांनी ती साडेतीन हजार रुपयांना घेतली होती. मोबाइलच्या लहरींपासून रक्षण होते, गुडघे दुखायचे थांबतात, मात्र झोपतानाही काढायची नाही, असे त्यांना बजावले होते.

मी निवृत्त विज्ञान शिक्षिका. नातवासाठी घेतलेला गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सार टिपून टिकटिक करणारे यंत्र, घरात आहे. आणल्या दिवशीच आम्ही दोघांनी तो पारखून घेतला होता. आधी नुसता टेबलावर ठेवून दहा मिनिटे मोजले, तेव्हा मिनिटाला सरासरी २१ टिकटिक आली. हा निसर्गातला नेहमीचा किरणोत्सार, तो सगळीकडेच असतो. मग रक्तदाबासाठी आणलेल्या कमी सोडियमच्या मिठाच्या पुडीवर मोजले. त्यात पोटॅशियम असते आणि पोटॅशियमचा अगदी छोटा अंश मुळातच किरणोत्सारी असतो. आकडा ३० च्या आसपास गेला. ग्रॅनाइटच्या ओट्यावर २४ आला, पण एवढा फरक योगायोगानेही पडतो. केळ्याने काहीच दाखवले नाही. माळ्यावर गॅसबत्तीच्या जुन्या मेंटलची (उजळणाऱ्या जाळीची) पाकिटे होती. पूर्वी मेंटलमध्ये थोरियम हा किरणोत्सारी धातू वापरत. यंत्र त्यावर टेकवताच टिकटिकीची कडकड झाली, मिनिटाला तीनशेच्या वर. मध्ये स्टीलची ताटली धरली तर आकडा झपकन उतरला आणि हातभर लांब नेल्यावर पुन्हा २१ वर आला. यंत्र बरोबर चालते, याची तेव्हा खात्री पटली.

म्हणूनच म्हटले, “वन्सं, दोन मिनिटं ते पेंडंट काढून द्या.” “अगं, काढायचं नाही म्हणालेत,” असे म्हणत त्यांनी ते दिले. यंत्र टेकवले आणि मेंटलसारखीच कडकड सुरू झाली. दहा मिनिटांची सरासरी २३० आली. मिठाची पुडी, ओटा, केळी एकीकडे आणि तब्येतीसाठी विकलेली ही वस्तू एकीकडे.

अशा ‘ऊर्जा’ किंवा ‘निगेटिव्ह आयन’ पेंडंटमध्ये थोरियम, युरेनियम असलेल्या खनिजांची पूड आढळल्याची उदाहरणे परदेशात आहेत. विक्रेते आयन, म्हणजे हवेतले विद्युतभारित कण, मोजायचे यंत्र जवळ धरून आकडा वाढलेला दाखवतात. तो खोटा नसतो, पण ते आयन किरणोत्सारामुळेच हवेत तयार होतात, हे कुणी सांगत नाही. नेदरलँड्सच्या किरणोत्सार नियामक संस्थेने डिसेंबर २०२१ मध्ये अशा दहा वस्तूंबाबत इशारा दिला होता. सतत अंगावर घातल्यास त्वचेला अपाय होऊ शकतो, म्हणून वापर थांबवा, असे त्यात म्हटले होते. त्यात गळ्यातली पेंडंट होती, झोपताना डोळ्यांवर बांधायची पट्टीही होती.

चार दिवस घातल्याने कुणी आजारी पडणार नाही, हे मी वन्संना स्पष्ट सांगितले. घाबरवणे मला मान्य नाही. पण ज्या वस्तूचा काडीचा फायदा नाही, ती रात्रंदिवस छातीवर का बाळगायची? शिवाय मोबाइलच्या लहरी आणि थोरियमचे किरण या दोन अगदी वेगळ्या गोष्टी. पहिल्यापासून वाचायला दुसरे अंगावर बांधणे मला फार दुखावून गेले, कारण गिऱ्हाईक बहुतेक वेळा गुडघेदुखीने कंटाळलेली आपली वडीलधारी माणसे असतात.

ज्यांच्याकडे असे पेंडंट असेल त्यांनी ते फोडू नये, घासू नये, जाळू नये, भंगारात देऊ नये. दिल्लीत मायापुरीच्या भंगार बाजारात २०१० साली किरणोत्सारी कोबाल्टचा स्रोत फोडला गेला आणि एकाचा जीव गेला. तो स्रोत याच्या कितीतरी पट तीव्र होता, पण भंगारात काय जाते हे कुणी बघत नाही, ही अडचण तीच आहे. पेंडंट झाकणाच्या डब्यात घालून, रोजच्या वावरापासून दूर ठेवून अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवावे. मंडळाने आणि अन्न व औषध प्रशासनाने अशा शिबिरांतला माल उचलून तपासावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. वन्संचे पेंडंट सध्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, गच्चीवरच्या खोलीत आहे.

— एक निवृत्त शिक्षिका, कोथरूड, पुणे